मशीनवाली भाभी

बायका माझ्या घरात बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या. गटाच्या हप्त्याचा दिवस होता आणि माझ्याकडे पैसे नव्हते. गटाच्या कर्जाचा नियमच असा, की एकीने भरलं नाही तर बाकीच्यांनी तिच्या घरी ठाण मांडायचं, नाहीतर तिचा हप्ता आपल्या अंगावर घ्यायचा. वसुलीचा माणूस बाहेर मोटारसायकलला टेकून उभा होता. "मावशी, घाई नाही, बसू की," म्हणत होता. मी पाणी दिलं तर शेजारच्या लताने पेला हातात घेतला नाही. "पाणी नको, हप्ता दे. पोरं उपाशी आहेत माझी," म्हणाली. हीच लता माझ्या संतोषच्या हळदीत सगळ्यांच्या पुढे नाचली होती.

तिघी-चौघी सोफ्यावर दाटीने बसल्या होत्या, बाकीच्या उंबऱ्याशी. गल्लीतली भाभी गटात नव्हती, तरी आली होती, आणि ती एकटी खाली फरशीवर. मी म्हटलं, "भाभी, वर बस." ती म्हणाली, "ज्याचे पैसे दिले नाहीत, त्यावर मला बसता येत नाही. कंबर दुखते." बायका हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मग ती उठून बाहेर गेली आणि नाक्यावरच्या जुन्या सामानवाल्याला घेऊन आली. मला विचारलंसुद्धा नाही. "उठा गं बायांनो, सोफा विकलाय," म्हणाली. घेतला त्याच्या निम्मेसुद्धा आले नाहीत. तेवढ्या पैशांत त्या दिवसाचा हप्ता भागला. सोफा टेम्पोत चढताना सगळी गल्ली बघत होती. भाभी म्हणाली, "बघू दे. घेतला तेव्हा पण बघत होतीच की."

आम्ही विश्रांतवाडीला राहतो, आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायका गटात होत्या. कर्ज कशासाठी, असं कर्ज देणाऱ्या कंपनीचे साहेब विचारायचे आणि आम्ही सगळ्याजणी शिलाई मशीन म्हणून सांगायचो. कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं, ते पास झालं, म्हणून पुढच्यांनीही तेच. कागदावर गल्लीभर मशिनी होत्या. खरी मशीन भाभीची, तीही तिने कर्जाशिवाय घेतलेली, जुन्या बाजारातून. भाभी परकर शिवायची, साड्यांना फॉल लावायची. म्हणून तिला मशीनवाली भाभी म्हणायचे. माझी कागदावरची मशीन म्हणजे हा सोफा. सुनेच्या माहेरचे येणार होते, त्यांना खाली सतरंजीवर कसं बसवायचं, म्हणून घेतला. त्याआधी नवऱ्याच्या आजारपणाचं एक कर्ज होतंच. नवरा गेला, कर्ज राहिलं.

सोफा गेल्यावर पुढच्या हप्त्याला काय, हा प्रश्न होताच. मी दुसऱ्या कंपनीच्या गटात नाव घालायचं ठरवलं. तिथलं उचलायचं, इथलं भरायचं. सगळ्या तेच करत होत्या. त्याला ओळखीच्या बाईची सही लागते. मी भाभीकडे गेले.

"नाही करणार," ती म्हणाली. मशीन थांबवली नाही.

"सही तर करायचीय. पैसे मी भरणार."

"आत्ताचे भरतेस ना, तसेच?"

मी म्हटलं, सही नको असेल तर राहू दे, सावकाराकडे खोलीचे कागद ठेवते. तेव्हा तिने मशीन थांबवली. "कमल, खोली गेल्यावर कर्ज जात नाही. तू जातेस. कर्ज विचारत विचारत येतं मागून."

मी तिला नको ते बोलले. तुझं काय जातंय, तुझा धंदा चालतोय, आमच्यासारखीला हसायला बरं पडतं. तिने ऐकून घेतलं आणि साड्यांचं एक गाठोडं माझ्याकडे सरकवलं. "सुई धरता येते ना? फॉल लाव. मजुरी तुझ्या हातात देणार नाही. हप्त्याला मीच भरीन."

राग होता तरी गाठोडं उचललं. दुसरं काय करणार. साहेबाकडे जाऊन तिनेच माझा हप्ता निम्म्यावर आणून घेतला. मुदत वाढली, पण दर आठवड्याला भरता येईल एवढा झाला. संतोष रिक्षा चालवतो. त्यालाही तिने बसवून सांगितलं, "घरी आलास की आधी हप्त्याचे काढायचे, मग भाजी आणायची. उरतील त्यातून काढू म्हणशील, तर उरत नाहीत." तो म्हणाला, "भाभी, मग जेवायचं काय?" ती म्हणाली, "उरेल ते. तुझ्या बापाच्या लग्नाची पंगत नाही ही."

पहिलं वर्ष वाईट गेलं. फॉल लावून मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. डाळ पातळ, चहा बिनदुधाचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला पांढरी साडी घ्यावी म्हटलं, तर भाभी म्हणाली, "नीळ घाल. तुझी गेल्या सालची साडी कोण ओळखतंय तिथे?" मी नीळ घातली. कुणी ओळखली नाही. पण मला माहीत होतं, आणि त्याचं वाईट वाटायचं थांबायला फार दिवस लागले.

भाभी मार्केट यार्डात जाऊन कांद्याची गोणी घ्यायची आणि चार घरांत वाटून घ्यायची. दारावर हप्त्याने कुकर, मिक्सर विकणारे यायचे, त्यांना ती "उद्या या" म्हणायची. एकजण चिडला, "बाई, रोज उद्याच सांगता." ती म्हणाली, "म्हणून रोज पैसे वाचतात." फोनवर एका मुलीने कर्ज हवंय का विचारलं, तर म्हणाली, "मी गेले, कालच गेले." पोरगी सॉरी म्हणाली.

ती एवढी घट्ट कशी, हे तिने एकदाच सांगितलं. तिचा नवरा मार्केट यार्डात हमाल होता. लग्नाला मालकाकडून उचल घेतली आणि ती फेडता फेडता पाठीने गेला. "तो मेला त्या दिवशी पण बाकी होती," म्हणाली आणि दोरा ओवायला घेतला.

माझं कर्ज फिटलं त्या दिवशी मला आनंद वगैरे झाला नाही. दमले होते. भाभीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "बरं झालं. पुढच्या आठवड्याला पण तेवढेच बाजूला काढ. आता स्वतःला भर." तेव्हापासून तेवढे काढते. संतोषला रिक्षाचं इंजिन करायचं झालं, तेव्हा कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

लता खोली विकून गेली. कुठे राहते, कुणाला माहीत नाही. गल्लीत अजून गट आहेत, अजून बायका एकमेकींच्या घरात जाऊन बसतात. मी त्यात नाही.

भाभी गेल्या थंडीत गेली. दवाखान्याचे आणि कफनाचे पैसे तिने वेगळे ठेवले होते. लेकाला कुणाकडे मागावं लागलं नाही. मय्यत गल्लीतून गेली तेव्हा मी दारात उभी होते. मग आत येऊन स्वयंपाक केला.

खोली आहे. तिच्यात मी, संतोष आणि सून राहतो.