अक्कांच्या दुकानातला बाक

शिवाजीनगरच्या झेरॉक्स दुकानातल्या अक्कांचं नाव मी कधी विचारलं नाही. एका विद्यार्थिनीचा निबंध फारच चांगला वाटला, म्हणून तो चोरीचा ठरवून मी तिला नापास केलं होतं. तेव्हा तिने टाकून दिलेले चार कच्चे मसुदे घेऊन अक्का कॉलेजात आल्या. बोट ओलं करून एकेक पान उलटत म्हणाल्या, "पोरगी माझ्याच बाकावर बसून लिहीत-खोडत होती, सर. स्वल्प, जरासं तरी बघा की."

"आम्ही शेवटची प्रतच तपासतो." मी पानांना हातही लावला नाही.

"मग ती शिकली कुठं, ते तुम्हाला दिसायचं कसं?"

आता मी आखलेल्या लेखनाच्या अभ्यासक्रमात निम्मे गुण मसुद्यांना आहेत. कौतुक माझं होतं. कल्पना अक्कांची आहे.

आज त्याच बाकावर बसून मी त्या मुलीला माफीचं पत्र लिहितोय. तिसऱ्यांदा खोडलं, तेव्हा अक्कांनी कोरे कागद पुढे सरकवले.

"खोडा की सर, घाई कुणाला आहे?"