तुलनेचं तळं

आमच्या मामांच्या हाताला जन्मजात खाज होती. मलमानं जाणारी नव्हे, काहीतरी दुरुस्त करण्याची. कोणाच्या घरी गेले की पाणी पिण्याआधी ते भिंतीवरचा तिरका फोटो सरळ करायचे. एका लग्नात नवरदेवाची खुर्ची डुगडुगते म्हणून त्यांनी वाकून तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, त्यामुळे त्या लग्नाच्या निम्म्या फोटोंत नवरदेवाच्या पुढे मामांची पाठ आहे. दवाखान्यात स्वतःची छाती तपासून घेता घेता त्यांनी डॉक्टरांच्या टेबलाच्या खणाची कडी बसवून दिली होती. अशा माणसावर कशालाही हात न लावण्याचं काम येऊन पडलं, आणि ते त्यांनी आयुष्यात सगळ्यात मन लावून केलं.

मामांच्या सासऱ्यांची दोन तळी होती. मधे फक्त रस्ता. दोन मुलींना त्यांनी एकेक तळं दिलं. थोरलीचे यजमान, म्हणजे मामांचे साडू, यांना तळ्यापेक्षा तळ्याकाठची खाट प्रिय. त्यांच्याकडचे मासे वाढायचे ते केवळ माशांना दुसरा उद्योग नव्हता म्हणून. रस्त्याच्या अलीकडे मात्र मामा सकाळपासून गुडघाभर पाण्यात. आज जाळं शिव, उद्या बांधाचं भगदाड बुजव, परवा पाटाच्या तोंडाशी साचलेला गाळ उपस. तो पाट म्हणजे तळ्याचा घसा. टेकडीवरचं पाणी त्यातूनच आत यायचं.

पुढे पावसाचं तंत्र बिघडलं. यायचा तेव्हा दावं सोडल्यासारखा यायचा, टेकडीची माती खरवडून तळ्यात आणून टाकायचा, आणि मग महिनोन्महिने तोंड दाखवायचा नाही. दोन्ही तळी उथळ व्हायला लागली. तेवढ्यात संस्थेची गाडी आली. बदलत्या हवेत पाणी, माती, झाडं कशी तग धरतील याचा अभ्यास करणारी ती संस्था होती. एवढं मोठं नाव कोण घेणार? लोक त्यांना ‘तगवाले’ म्हणू लागले.

तगवाल्यांच्या प्रमुख एक बाई होत्या. नावाआधी डॉक्टर. त्यामुळे पहिला आठवडा त्यांचा लोकांचे गुडघे बघण्यात गेला. पण बाई मनानं चांगल्या. मामांच्या पत्र्याच्या खोलीत, खुंट्यांवरच्या ओल्या जाळ्यांखाली त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, “मामा, दोन्ही तळी जुळ्या बहिणींसारखी आहेत. एकात आम्ही सगळं करणार. गाळ काढणार, काठाला झाडं लावणार, पाटाला दगड बसवणार. दुसरं आहे तसंच ठेवणार.”

“तसंच का?”

“दोन्ही सुधारली तर कशामुळे काय झालं, हे कळणार कसं? तुलनेला एक हवं ना.”

कोणतं सुधारायचं, हे चिठ्ठीनं ठरलं. डबा मामींचा, आणि चिठ्ठीही मामींनीच उचलली. त्यांच्या हाताला बहिणीचं तळं लागलं.

“म्हणजे आम्ही काय करायचं?” मामांनी विचारलं.

“काहीच नाही. तेच तर अवघड आहे. तुमच्या तळ्याला हात लावायचा नाही. तुम्ही नसाल तर हा सगळा अभ्यास शून्य आहे. आणि अभ्यास संपला की पहिलं काम तुमच्या तळ्याचं.”

एवढ्या शिकलेल्या बाईंनी आपल्या खाटेवर बसून आपल्याशिवाय सगळं शून्य आहे म्हणावं! मामा ताठ बसले. त्यांनी शब्द दिला. तळ्यात मधोमध संस्थेनं पाणी मोजायला आकड्यांचा एक खांब रोवला, आणि मामा त्या दिवसापासून तळ्याचे मालक असून तळ्याचे पाहुणे झाले.

समोर यंत्रं आली. गाळ निघाला, दगड बसले, रोपं लागली. साडूबुवा खाटेवरून सूचना करत होते. यंत्राचा आवाज जरा कमी करता येईल का, ही मुख्य सूचना. इकडे मामांचे हात मोकळे. त्यांनी घरातलं सगळं दुरुस्त केलं. मग न बिघडलेलं दुरुस्त करायला घेतलं. शेवटी मामी ओरडल्या, “अहो, त्या स्टोव्हला तरी जगू द्या!”

दर महिन्याला तगवाले यायचे. खांबावरचा आकडा बघायचे, पाणी बाटलीत भरायचे, मासे तोलून परत सोडायचे, चहा घ्यायचे. आकडा उतरलेला दिसला की एकमेकांकडे बघून समाधानानं मान हलवायचे.

“लोकांकडे पाहुणे येतात ते काहीतरी घेऊन येतात,” मामी म्हणायच्या. “तुमचे पाहुणे मापं घेऊन जातात. आजारी माणसाचं नुसतं वजन करायचं आणि औषध शेजाऱ्याला!”

“तुला शास्त्र कळत नाही.”

“मला मासे कळतात. बोटाएवढे राहिलेत.”

 चहाच्या टपरीवर कोणी टोकलं, तर मामा म्हणायचे, “साडूच्या तळ्याला चांगलं कोणामुळे म्हणतात? माझं वाईट आहे म्हणून!” लोक हसायचे. मामाही हसायचे, जरा उशिरा.

एका वर्षी पाटाचं तोंड गाळानं आणि काटेरी झुडपांनी बंदच होत आलं. चार घमेल्यांचं काम. उन्हाळा सरत आला तसे मामा फावडं घेऊन तिथे जायचे, उभे राहायचे, आणि ते खांद्यावर टाकून परत यायचे. शेवटी त्यांनी बाईंना विचारलंच.

“बाई, नुसतं तोंड मोकळं करू का? बाकी कशाला हात लावत नाही.”

बाईंचा चेहरा पडला. “मामा, फार थोडं राहिलंय हो. आत्ता हात लावलात तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल.”

“पाण्यात तरी जाऊ द्या!” मामी आतून म्हणाल्या. “पाणी आहे कुठे?”

 मामांनीच बाईंची समजूत काढली. “असू द्या बाई. शब्द दिलाय.”

मग पाऊस आला. एकदाच, पण सगळी उधारी एका दुपारी फेडल्यासारखा. टेकडीवरून लाल पाणी धावत आलं, पाटाच्या तोंडाशी थबकलं, वाट मिळेना म्हणून वळलं आणि रस्त्यावरून खालच्या नाल्यात निघून गेलं. मामा त्या तोंडाशी फावडं धरून उभे होते. मामी बांधावरून ओरडत होत्या, “अहो, मारा ना! मारा की एक फावडं!” मामांनी फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी आवळून धरला होता. निसटून काम करून बसेल म्हणून. पाणी जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. समोर साडूंचं तळं काठोकाठ भरलं.

त्या हिवाळ्यातच तळं आटलं. उरलेले मासे चिखलात तडफडले, कावळ्यांनी नेले. मामा रस्ता ओलांडून साडूंच्या तळ्यावर रोजंदारीनं जाळी ओढायला जाऊ लागले. साडू वाईट नव्हते. “साडूबुवा, दमलात तर बसा हो खाटेवर,” म्हणायचे. पण खाट एकच होती.

अभ्यास संपला. शहरातल्या एका गार हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, बसल्या बसल्या पुढच्या खुर्चीचा सैल स्क्रू त्यांनी नखानं आवळला. पडद्यावर दोन तळ्यांची चित्रं शेजारी शेजारी आली. एक निळंशार, एक भेगाळलेलं. फरक इतका स्वच्छ होता की सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. मामांनीही वाजवल्या. आपल्या भेगांना एवढ्या टाळ्या, असं कोणाच्या नशिबी येतं?

चहाच्या वेळी त्यांनी बाईंना गाठलं. “आता आमचं कधी?”

बाईंनी हातातला कप बशीत तिरकाच टेकवला. “मामा, मोठी योजना मंजूर झालीय. पुष्कळ तळी घेणार आहेत. पण ती आता दुसऱ्या खात्याकडे गेली. त्यांचा नियम आहे, हिवाळा संपेपर्यंत पाणी धरणारं तळंच घ्यायचं. जे तग धरू शकतं त्यावरच खर्च करायचा. मी भांडले हो. खरंच भांडले.”

“आमचंही धरत होतं,” मामा म्हणाले. “तुम्ही आलात तेव्हा.”

 मामांनी बाईंच्या हातातला कप काढून घेऊन नीट टेबलावर ठेवला.

आता ते चार घमेल्यांचं काम राहिलं नव्हतं. झुडपांची मुळं पार तळापर्यंत गेली होती, गाळ माणसाच्या छातीएवढा चढला होता. तिथे यंत्रच हवं. मामांच्या गुडघ्यांत तर जिना चढायचंही बळ नव्हतं.

मग एका सकाळी संस्थेची गाडी शेवटची आली. बाई नव्हत्या, दोन अनोळखी माणसं होती. आकड्यांचा खांब संस्थेच्या मालकीचा, तो परत न्यायचा होता. दोघांना तो हलवेना.

“मामा, फावडं आहे का?”

मामा घरात गेले, फावडं घेऊन आले, आणि इतक्या वर्षांनंतर पहिल्यांदा त्यांनी आपल्या तळ्यात घाव घातला. किती छान खणलं! कडा सरळ, माती एका बाजूला. खांब निघाला, गाडीत चढला. जाता जाता एक जण म्हणाला, “तेवढा खड्डा बुजवून टाका हां, कोणी पडेल.”

मामांनी सवयीनं फावडं उचललं. मामी बांधावर उभ्या होत्या.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तेवढाच गाळ निघाला.”