आक्काची अ‍ॅलर्जी आणि माझी परवानगी

“पायलोनेफ्रायटिस,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे किडनीला झालेला जंतुसंसर्ग. आक्का, माझी थोरली बहीण, स्ट्रेचरवर डोळे मिटून पडली होती. निपाणीहून अ‍ॅम्ब्युलन्सनं तिला आमच्या बेळगावच्या हॉस्पिटलात आणलं होतं, आणि तिची सोनोग्राफी तिच्याआधीच इथल्या स्क्रीनवर आली होती.

‘आमच्या’ म्हणतो, कारण मी तिथंच कॉम्प्युटर विभागात आहे. निपाणीची आमची शाखा आणि बेळगाव, दोन्हीकडच्या पेशंटची सगळी माहिती एकाच सिस्टीमवर आणायचं नियोजन माझं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही मला थोडा अभिमानच वाटला.

“औषधाची काही अ‍ॅलर्जी?” डॉक्टरांनी विचारलं. दाजी अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर गेले होते. मी म्हणालो, “स्क्रीनवर आहे सगळं, सर.” स्क्रीनवर ‘अ‍ॅलर्जी: नाही’ असं होतं.

चार दिवस आक्कानं थंडीताप अंगावर काढला होता. बायका असंच करतात आणि आपण करू देतो. ताप, लघवीला जळजळ आणि पाठीत एका बाजूला कळ, असं एकत्र दिसलं तर तुम्ही थांबू नका.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते हे सांगणारी रक्ताची तपासणी. तिच्या रिपोर्टची वाट बघत मी वॉर्डाच्या दाराशी बाकड्यावर बसलो. इतक्या वर्षांत त्या बाकड्यावर कधी बसलो नव्हतो. पाठ टेकता येत नाही त्याला.

दुपारी शांतव्वा सिस्टर इंजेक्शन भरून आल्या. वयस्क बाई. कॉम्प्युटरशी त्यांचं कधी जमलं नाही, आणि त्यावरून मी त्यांना ट्रेनिंगमध्ये बोललोही होतो. त्यांनी स्क्रीनकडं न बघता आक्काच्या कानाशी वाकून विचारलं, “आक्का, कुठलं इंजेक्शन सोसत न्हाय काय तुम्हाला?”

“काल निपाणीत एक सुई टोचली गं,” आक्का पुटपुटली. “घसाच आवळला. लई घाबरलो आम्ही.”

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि निपाणीला फोन लावला. तेच इंजेक्शन होतं.

“अ‍ॅनाफिलॅक्सिस,” डॉक्टर म्हणाले. अ‍ॅलर्जीचा असा झटका, की श्वास कोंडतो आणि बीपी कोसळतं. “आज पुन्हा दिलं असतं, तर त्या कदाचित वाचल्या नसत्या.”

माझं डोकं फिरलं. निपाणीच्या वॉर्डातल्या ब्रदरला, म्हणजे तिथल्या पुरुष नर्सला, फोन करून मी ओरडलो, “एवढी मोठी गोष्ट सिस्टीममध्ये घालायला काय धाड भरली होती?”

“घालाय गेलतो की, सर. पेशंट भरती झाला की अ‍ॅलर्जीची नोंद लॉक व्हतीया. बदलायला तुमची परवानगी लागती. कालच मागितलीया. कागद द्यावा म्हटलं, तर कागद पाठवू नका म्हणून तुमचीच सूचना हाय. तुमच्या दाजींना तोंडी सांगितलंय.”

दाजींना वाटलं होतं, कॉम्प्युटरमध्ये आलंच असेल.

मी मोबाइलवर मेल उघडला. न वाचलेल्या विनंत्यांत चौथी त्याची होती. मागाहून कुणी नोंदी फिरवू नयेत म्हणून ते लॉक मीच सुचवलं होतं. मीटिंगमध्ये एका डॉक्टरीणबाईंनी शंका काढली, ती मी हसण्यावारी नेली होती. आक्का आत तापानं फणफणत होती आणि मी बाहेर ज्याच्यावर ओरडत होतो, तो कालपासून माझ्याच उत्तराची वाट बघत होता. आता कुणावर चिडायचं तेच कळेना.

अँटिबायोटिक बदललं. पाचव्या दिवशी ताप उतरला, क्रिएटिनिनही खाली आलं. अ‍ॅलर्जीच्या नोंदीवरचं लॉक मी काढून टाकलं. त्याला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

तुम्हाला एवढंच सांगतो. वॉर्ड बदलला, डॉक्टर बदलला, की न सोसणाऱ्या औषधाचं नाव तोंडानं सांगा. माझ्यासारखा कुणी “स्क्रीनवर आहे” म्हणाला तरी सांगा.

डिस्चार्जच्या दिवशी आक्का वॉर्डातल्या बायकांना सांगत होती, “माझ्या भावानं केलंय हे कॉम्प्युटरचं. त्येच्यामुळं वाचले मी.” मी बॅगा उचलून गाडीकडं निघालो. गाडी काकती गाव ओलांडून निपाणीच्या रस्त्याला लागली, तेव्हा मात्र राहवेना. सगळं सांगून टाकलं.

आक्का सीटवर सरळ होऊन बसली.

“म्हणजे मी भलत्याच माणसाचं गुण गात बसले की रं,” ती म्हणाली. “वळीव गाडी. त्या सिस्टरबाईला भेटल्याशिवाय घरात पाऊल ठेवायची न्हाय मी.”