साठ खुर्च्यांचा अंदाज

सगळे तिला मापबाई म्हणत. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि कमरेला मोठी कातर, अशी ती सकाळी आठला दुकान उघडायची ती दिवेलागणीला शटर ओढूनच थांबायची. जुने सोफे आणि खुर्च्या नव्या करून देणं हा तिचा धंदा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला कापडाचे तागे, दुसरीला फोमच्या लाद्या, आणि मधे कुणाचा ना कुणाचा सोफा पाय वर करून पडलेला.

तिचा एक नियम होता, आणि तो मोडायला लावणारा गिऱ्हाईक अजून जन्माला यायचा होता. सोफा उलटा करून, तळाचं अस्तर उसवून आत डोकावल्याशिवाय ती किंमत सांगत नसे. "वरून तर चांगला दिसतोय की हो," असं कुणी म्हणालं, की ती म्हणे, "वरून सगळेच चांगले दिसतात." आणि अंदाज दिला, तरी त्याच्या खाली एक ओळ असायचीच, 'उघडल्यावर'. म्हणजे उघडल्यावर आत जे निघेल त्याच्यासाठी वेगळी ठेवलेली रक्कम. काही निघालं नाही, तर ती परत करायची. परत करणारी माणसं किती असतात, ते तुम्हीच सांगा.

अशा या बाईचा स्वतःचा संसार मात्र वर्षभर पाय वर करून पडला होता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताचा कसबी, तोंडाचा मुका. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना दाराबाहेरून धीर देताना मात्र त्याला कुठून शब्द सुचत, देव जाणे. मापबाईचे वडील दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होते, त्या संध्याकाळी तो कामावर होता. तिने चार फोन केले. तो आला तेव्हा सगळं संपून तास झाला होता. "लिफ्ट अडकली होती, माणसं होती आत," एवढंच तो म्हणाला. परक्या माणसांसाठी जो धावतो तो आपल्यासाठी धावला नाही, हे तिच्या मनात रुतलं ते रुतलंच. त्या दिवसापासून घरातलं बोलणं सासूबाईंच्या मार्फत सुरू झालं.

"आई, यांना सांगा, गॅस संपलाय."

"आई, हिला सांग, मी आणतो."

तिघंही एकाच टेबलाशी बसलेली असत. मधे फक्त चहाचे कप. अकरा महिने सासूबाईंनी हे टपाल वाहिलं. मग एका सकाळी त्यांनी कप आपटला.

"आता पगार चालू करा माझा. पोस्टमनला सुट्टी तरी असते. काय ते तोडायचं असेल तर तोडा, जोडायचं असेल तर जोडा. मी मेल्यावर कुणामार्फत भांडणार आहात?"

तोडणं हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. मापबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपाकडे बघत होता. तो नाही म्हणाला नाही, याची तिला भीती वाटली. ती भीती किती खोल गेली होती हे तिला दुकानात गेल्यावर कळलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिने कापड दोन बोटं कमी कापलं.

त्याच आठवड्यात ती नवरा-बायकोच्या समुपदेशकाकडे जाऊन धडकली, एकटीच. दुसऱ्या मजल्यावर एक छोटी खोली. भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात झाड, आणि एक राखाडी सोफा. बसताक्षणीच तिच्या ध्यानात आलं, डाव्या बाजूचे गादीखालचे पट्टे गेलेत. त्या बाजूला बसणारा माणूस आपोआप सोफ्याच्या हाताकडे, म्हणजे शेजारच्यापासून लांब कलंडतो. नवरा-बायकोंना बसवायला छान सोफा निवडलाय, असं ती मनात म्हणाली.

समुपदेशक पन्नाशीची, शांत बाई होती. तिने विचारलं, "काय त्रास आहे?"

"त्रास नंतर सांगते. आधी अंदाज द्या."

"कसला अंदाज?"

"खर्चाचा. किती वेळा यावं लागेल, एका वेळेचे किती, आणि वर काय काय लागतं ते. एकदा उघडलं, की अर्धवट टाकता येत नाही, म्हणून विचारते. माझ्याकडे लोक असे सोफे आणतात, निम्मे उसवलेले. पैसे संपले म्हणून कुणीतरी मधेच सोडून दिलेले. त्यापेक्षा हात न लावलेला बरा."

समुपदेशकाने वही मिटली. असं विचारणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं असावं. लोक एकतर फी ऐकून लाजत, नाहीतर न विचारता येत आणि चौथ्या खेपेला गायब होत.

"नक्की आकडा नाही सांगता येणार," ती म्हणाली.

"न उघडता मीही सांगत नाही. पण अशा जुन्या सोफ्याला साधारण काय लागतं, ते तर माहीत असतं ना?"

मग दोघींचं छान जमलं. समुपदेशकाने सगळं सांगितलं. बरीच जोडपी दहा-बारा वेळा येतात, काही वीस वेळा. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला. संध्याकाळच्या वेळा महाग, कारण सगळ्यांना त्याच हव्या असतात. बुधवारी दुपारी चारची वेळ रिकामी असते, तिची फी बरीच कमी. शिकाऊ समुपदेशकाकडे अजून कमी, पण थांबावं लागेल. आणि यायचं रद्द करायचं असेल तर एक दिवस आधी, चारच्या आत कळवायचं, नाहीतर पूर्ण फी.

"आणि मी तुमचा हा सोफा करून दिला तर?" मापबाईने हळूच खडा टाकून पाहिला. "डावीकडचे पट्टे गेलेत."

समुपदेशक हसली, पण मान हलवली. "तुमच्याकडून काम घेतलं तर मी गिऱ्हाईक होईन. मग तुम्हाला टोचेल असं काही बोलताना माझी जीभ अडेल. इथलं काम संपू दे, मग सोफ्याचं बघू."

हे उत्तर मापबाईला फार आवडलं. जी फुकटचा सोफा नाकारते तिच्या हाती संसार द्यायला हरकत नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

आता पैसे. मापबाई पैसे खुर्च्यांत मोजायची. फ्रीज म्हणजे नव्वद खुर्च्या, सासूबाईंचा चष्मा म्हणजे सात. बुधवारची एक बैठक म्हणजे चार खुर्च्यांची मजुरी. बारा बैठकांच्या अठ्ठेचाळीस. 'उघडल्यावर'साठी अजून तीन बैठका, म्हणजे बारा. एकूण साठ. घरखर्चाला हात लावायचा नाही, सासूबाईंच्या औषधांच्या डब्याला तर नाहीच. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं. पण पाय पसरायचेच असतील तर अंथरूण मोठं शिवता येतं, असं या बाईचं म्हणणं.

शेजारच्या सभागृहाच्या दोनशे खुर्च्या फाटल्या होत्या. ती व्यवस्थापकाला भेटली आणि साठ खुर्च्यांचं काम मागितलं.

"अहो, दोनशेच्या दोनशे करा की," तो म्हणाला.

"मला साठच लागतात."

जास्तीचं काम नाकारणारा कारागीर त्याने पाहिला नव्हता. पण उरलेल्या वेळात तिला गिऱ्हाइकं आणि घरही होतं, आणि अंगाबाहेरचं काम घेऊन मधेच आडवं पडणाऱ्यांतली ती नव्हती.

सगळा अंदाज तिने एका कागदावर नीट लिहिला आणि चहाच्या टेबलावर ठेवला. "आई, यांना सांगा, वाचून बघा."

नवऱ्याने कागद वाचला. "बोलायला कुणी पैसे देतं का?" तो सासूबाईंना म्हणाला. "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

"वर्षभर फुकट बोलताय माझ्या तोंडून," सासूबाई म्हणाल्या, "काय उजेड पडला?"

तो पुन्हा वाचू लागला. बसभाडं होतं. बुधवारी दुपारी निघावं लागेल म्हणून त्याचे बुडणारे जादा तास होते, त्याच्या पूर्ण दराने धरलेले. कुठेही तक्रारीचा एक शब्द नव्हता. त्याने खिशातून पेन काढलं.

"आई, हिला सांग, हिशेब चुकलाय."

मापबाईच्या भुवया वर गेल्या. "आई, विचारा काय चुकलंय."

"माझे बुडणारे तास धरलेत. हिचे धरलेच नाहीत." आणि त्याने खाली एक ओळ वाढवली, 'दुकान बंद, तीन तास', आणि आपले जादा तास खोडून तिथे तो आकडा लिहिला. "माझं मी रविवारी भरून काढीन."

सासूबाईंनी हा निरोप पोचवला नाही. गरजच नव्हती.

बुधवार सुरू झाले. त्या सोफ्यावर मापबाई मुद्दाम डावीकडे बसायची. मोडक्या सोफ्यावर कसं बसायचं हे तिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. पहिल्या बैठका तळाचं अस्तर उसवण्यात गेल्या. तो चार वाक्यं बोलायचा, ती चाळीस. घरी आल्यावर पुन्हा टपाल सुरू. पण दुकानात खुर्च्यांची थप्पी उतरत होती, आणि रविवारी कामावरून आला की तो मुकाट्याने तिथे येऊन जुने खिळे उपसून द्यायचा. तिला बरं वाटायचं. तसं ती म्हणाली मात्र नाही.

सातव्या बुधवारी समुपदेशकाने त्याला विचारलं, "त्या संध्याकाळी लिफ्ट किती वाजता सुरू झाली?"

तो तळहाताला चिकटलेलं ग्रीस नखाने खरवडू लागला.

"पाच वाजता," तो म्हणाला. "साडेपाचला मी दवाखान्यात होतो. खाली. जिन्यात बसलो होतो. वर येववलं नाही. मला हिच्या वडिलांनी हाताला धरून काम शिकवलं. त्यांना तसं बघायचं... दीड तास बसलो. मग सगळं संपल्याचं कुणीतरी बोलताना ऐकलं. तरी तास लागला उठायला."

मापबाई उठली आणि निघून गेली. पाय नेतील तशी ती दुकानात पोचली. तो कामामुळे आला नाही, हे तिने एकवेळ गिळलं असतं. तो दोन मजले खाली होता! आपण वर एकटी, वडिलांचा हात धरून, आणि हा जिन्यात! आणि वर्षभर लिफ्टची थाप! तिच्या अंदाजात 'उघडल्यावर' होतं, पण आत हे निघेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात घरात टपालही बंद पडलं. सासूबाईंना शांततेची भीती वाटू लागली.

मंगळवारी ती चारच्या आधी घरी आली, फोन घेऊन टेबलाशी बसली. उद्याचं रद्द करायचं. नुसतं उद्याचं नाही, सगळंच. पावणेचार. चारला पाच कमी. तो दारात येऊन उभा राहिला, आणि सासूबाई समोर असूनही थेट तिच्याशी बोलला. घरात, वर्षभरानंतर.

"मी जाणार आहे उद्या. तू ये, नाहीतर नको येऊस. पण रद्द करू नकोस. चार खुर्च्या आहेत तुझ्या."

घड्याळात चार वाजले. तिने फोन खाली ठेवला.

बुधवारी मात्र ती दुकानातच बसली. अडतिसावी खुर्ची मांडीशी घेऊन ती कापड ताणत होती. चार वाजले, चारवर पाच मिनिटं झाली. तो एकटा त्या सोफ्यावर बसला असेल, चार खुर्च्यांचा तास एकट्याने खर्च करत. जो वर यायला घाबरला, तो आज तिच्याशिवाय वर गेला होता. ती उठली, शटर ओढलं आणि बस पकडली.

दुसऱ्या मजल्यावर ती पोचली. दार बंद होतं. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि हात पुढे जाईना. नुसतं दार ढकलायचं होतं. आत गेलं की त्याचा चेहरा दिसणार, आणि मग काहीतरी खरं होणार, याची तिला धास्ती वाटली. आत्ता जाऊ, आत्ता जाऊ, असं म्हणत ती उभीच राहिली. शेजारच्या जिन्याकडे तिचं लक्ष गेलं. बसावंसं वाटलं. आणि तेव्हा तिला एकदम रडू आलं, वडिलांचं, आणि त्याचंही.

डोळे पुसून तिने दार ढकललं तेव्हा घड्याळात साडेचार झाले होते. तो दचकून उभा राहिला.

"मी दहा मिनिटं बाहेर उभी होते," ती म्हणाली. "दहाच. तुम्ही अडीच तास कसे बसलात हो त्या जिन्यात?"

तो नुसता बाजूला सरकला. डावीकडे, मोडक्या बाजूला जाऊन बसला, लगेच कलंडला, आणि तिच्यासाठी उजवीकडची धड जागा रिकामी झाली. ती बसली. मग हात धरून तिने त्याला आपल्याकडे सरळ ओढलं.

समुपदेशकाने हळूच घड्याळाकडे पाहिलं. ते मापबाईने बघितलं.

"अर्धा तास आहे अजून," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन खुर्च्यांचा. बोला तुम्ही."