लाल ठिपका, पांढरा ठिपका

प्रमिलाबाईंना कॅमेऱ्यावरचे आकडे वाचता येत, पण त्यांचा अर्थ लागत नसे. अर्थ नवऱ्याला, लीलाधरला ठाऊक होता, आणि तो सत्त्याऐंशी साली काविळीने गेला. धुळ्यातलं फोटोचं दुकान मागे राहिलं. शेवटच्या आजारपणात त्याने अंथरुणात बसूनच लेन्सच्या कडीवर आणि शटरच्या चकतीवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. "दोन्हीकडे लाल आणलंस की फ्लॅश लावून घरातला फोटो. दोन्हीकडे पांढरं आणलंस की उघड्या उन्हातला. बाकी कशाला हात लावू नको."

तीन वर्षं त्यांनी बाकी कशाला हात लावला नाही. बारशी, साखरपुडे, अर्जाचे फोटो, सगळं त्या दोन ठिपक्यांवर चाललं.

श्रावणातल्या एका सकाळी हवालदार अभिमन दुकानाच्या पायरीवर आला. "वहिनी, कॅमेरा घ्या. विहिरीतून एक सून काढलीय. आमचा नेहमीचा फोटोवाला नाशिकला गेलाय."

"मेलेल्या माणसाचा मी कधी काढला नाही हो, भाऊ."

"साहेब जीपमध्ये बसलेत," एवढंच तो म्हणाला. प्रेताची भीती मोठी की पोलिसांची, हे ठरायच्या आत त्या जीपमध्ये बसल्या होत्या.

गाव जवळच होतं. मुलगी निंबाखाली, ओल्या लुगड्यात निजवलेली. वीस-बाविसाची असेल. माणसं गोलाकार उभी होती, पण कुणी रडत नव्हतं.

त्यांनी लाल ठिपके जुळवले. फ्लॅश पेटेना. सेल काढून पुसले, पुन्हा घातले, तरी पेटेना. वर आभाळ भरलेलं, खाली निंबाची सावली. इथे पांढऱ्याचा उपयोग नव्हता.

तेवढ्यात मुलीचा सासरा सुपडू अगदी जवळ येऊन हळूच बोलला, "फोटो कसाले काढस, बाई? तिना पाय घसरना. तुनं दुकान आम्हले म्हाईत शे."

प्रमिलाबाईंना तिथून पळून जावंसं वाटलं. पण मुलीची मान एका बाजूला कलली होती आणि पदराखाली काळसर काहीतरी दिसत होतं. त्या मटकन खाली बसल्या, कोपरे गुडघ्यांवर टेकवले. दोन्हीकडे पांढरा ठिपका आणून एक फोटो घेतला. मग लीलाधरने बजावलेलं मोडून लेन्सची कडी एक घर सरकवली, आणखी एक घेतला. पुन्हा एक घर. कडी अडेपर्यंत असंच. कुठलातरी एक उतरेल, एवढीच आशा.

दुपारी त्यांनी दार आतून लावून रोल धुतला. फिल्मची पट्टी दोनदा निसटली. मग प्रती काढल्या. पहिल्या फोटोंत नुसता काळोख. शेवटच्या दोनांत मान दिसली, आणि मानेवर चार बोटांचे काळे वळ. ओल्याच प्रती आणि निगेटिव्ह कागदात गुंडाळून त्या धावत ठाण्यात गेल्या. ते आपल्या घरात एक घटकाही नको होतं.

पुढचे चौदा महिने समोरच्या पानटपरीवर सुपडूचा माणूस येऊन बसायचा. दुकानाकडे बघत विडी ओढायचा. प्रमिलाबाई दिवसाउजेडीच शटर ओढून घेऊ लागल्या.

कोर्टात बचावाच्या वकिलाने विचारलं, "कुठल्या आकड्यांवर फोटो काढला, सांगा. की मानेवरचे काळे वळ तुम्हीच रंगवले?"

"आकड्यांचं मला कळत नाही, साहेब. भीत भीत एकेक घर सरकवत गेले. काय उतरलं ते घरी पाहिलं." आवाज इतका बारीक निघाला की न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावलं. डॉक्टरांची साक्ष फोटोशी जुळली. सुपडूला आणि त्याच्या मुलाला जन्मठेप झाली. पानटपरीवरचा माणूस यायचा थांबला.

महिन्याभराने जामनेरकडून एक म्हातारी दुकानात आली. मुलीची आई, सुंदरबाई. "घरात लेकीचा एकही फोटो नाही. तुम्ही काढलेला एक द्या ना, अक्का."

"निगेटिव्ह सरकारजमा आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. पण तो फोटो पुन्हा पाहावा लागणार नाही याने आपल्याला केवढं हायसं वाटलं, हे जाणवून त्या हादरल्या. त्यांनी म्हातारीला आत घेतलं, चहा ठेवला आणि विचारलं, "दिसायला कशी होती हो ती?"