मुकादमसरांनी पुसायला लावलेली रेघ

मुकादमसरांची आणि माझी ओळख झाली ती एका खेकड्यामुळे. मी मंडणगडच्या डोंगरातली. समुद्रातला खेकडा तोवर पाहिलेला नव्हता. रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला आले आणि पहिल्याच दिवशी सरांनी जिवंत खेकडा माझ्यासमोर ठेवला. मी टेबलापासून चार हात लांब. सर बुरोंडीच्या दर्यावर्दी घराण्यातले. त्यांना माझी फार गंमत वाटली. माझी वही पाहिल्यावर मात्र हसणे थांबवून ते म्हणाले की, हिचा हात स्थिर आहे, हिला चित्रांना बसवू.

सर तेव्हा खेकड्याच्या मज्जापेशींचा अभ्यास करीत होते. पेशीचा तंतू एका कापात मावत नाही. म्हणून अतिशय पातळ काप ओळीने काढायचे, मायक्रोस्कोपवर बसवलेल्या आरशातून प्रत्येक काप कागदावर दिसेल तेवढाच गिरवायचा आणि मग कागद एकावर एक ठेवून तंतू कुठे जातो ते पाहायचे. काम खिडकीतल्या उन्हावर चाले. ढग आला की सर चहा मागवीत आणि आमच्या घरची चौकशी करीत. माझ्या वडिलांचे आजारपण त्यांना असेच कळले. पुढच्याच रविवारी ते एस.टी.ने मंडणगडला जाऊन त्यांना भेटून आले. मला हे वडिलांच्या पत्रातून समजले.

हा तंतू शरीराचा मध्य ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो, असे सरांचे मत होते. दोन वर्षांचे काम त्यासाठीच होते, आणि नेमका मधला काप फाटला. अलीकडे तंतू दिसत होता, पलीकडेही दिसत होता. मी शहाणपणा केला आणि मधली रेघ ओढून टाकली. चित्र पाहून सरांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. मुंबईला पाठवायचा निबंध तयार झाला. चार दिवस मी गप्प राहिले, याची आजही लाज वाटते. पाचव्या दिवशी कापांची वही तपासताना सरांना ‘फाटला’ ही माझ्याच हातची नोंद दिसली.

“बाय, ही रेघ तू बघितलीस की जोडलीस?”

“जोडली, सर.”

ते रागावले असते तर बरे झाले असते. खोडरबर माझ्या हातात देऊन ते म्हणाले, “मग पूस. ती तिथं असावी असं आपल्याला वाटतं, एवढंच आपल्याला ठाऊक आहे.”

रेघेबरोबर निबंधाचा मुख्य निष्कर्षही गेला. उरला तो लहानसा निबंध छापून आला, आणि चित्राखाली सरांनी माझे नाव घातले होते.

आता मी त्यांच्याच विभागात शिकवते. साठी आली तरी सर त्या तंतूचे नवे काप काढीतच आहेत. कधी काप सुरकुततो, कधी रंग धरत नाही. ते जुने चित्र सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात दिले आहे. छपाईसाठी चित्राचा धातूचा ब्लॉक करणाऱ्याने मधली फट आपल्या मनाने जोडून पाठवली होती. मी ब्लॉक परत केला. वाचकांनी ती मोकळी जागा छपाईची चूक समजू नये. तिथली रेघ सरांनी एक दिवस स्वतःच्या डोळ्यांनी बघावी आणि मग मला “आता ओढ” म्हणावे, इतके आयुष्य आणि इतकी निरोगी नजर त्यांना लाभो.