काकूच्या मांडीवर माझे पाय

अंगात देवी आलेली बाई आणि मरू लागलेली बाई तुमच्यासमोर एकाच वेळी कोसळल्या, तर कोणती कोण हे तुम्हाला ओळखता येईल का? मला आलं नसतं. आणि कोसळलेली तर मीच होते.

म्हसावदजवळच्या आमच्या गावात श्रावणात कानबाई बसते. रविवारी रात्री तिच्यापुढे गव्हाचे रोट होतात, ते घरच्या भाऊबंदांनीच खायचे. सोमवारी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन बाया नाचत नदीकडे निघतात. मी वाढले वडिलांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये. आता पत्रकं मीच लिहिते, आणि त्यातलं एक अंगात येण्याविरुद्ध आहे. माझ्या थोरल्या काकूच्या अंगात मात्र दर वर्षी कानबाई येते. मी कोसळले त्या सोमवारी सकाळी तिने दुधात कुस्करलेला रोट माझ्यापुढे सरकवला. "खाय व कागदवाली. कागदवर पोट भरस का तुन्हं?" मी हसून खाल्ला. श्रद्धा नव्हती, भूक होती, आणि नाचायची हौस होती.

वाटेवर फुगड्या रंगल्या, मीही घातल्या. आधी तळहात खाजले, मग कान, मग टाळू. हातांवर गांधी उठल्या. ढोल पाण्याखाली वाजत असल्यासारखा लांब गेला, दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा मुळं सोडून तरंगू लागल्या, आणि घशाभोवती आतून कुणीतरी हळूहळू सूत गुंडाळत होतं. आपण निघालो हे मला स्वच्छ कळलं. भीतीसुद्धा दुसऱ्या कुणाची असावी इतकी दूर होती. मी थरथरत खाली बसले.

"उनी व, कानबाई माय उनी!" एक बाई ओरडली. "कागदवालीना आंगमा उनी!" दुसरी हसली. अंगात देवीच आली असं समजून, काखेत हात घालून त्यांनी मला उभं केलं, धूप नाकाशी धरला, कुंकू लावलं. उभी केली की डोळ्यांपुढे काळोख, खाली घसरले की थोडा उजेड. सांगायला आवाज उरला नव्हता. आयुष्यभर जिच्याविरुद्ध लिहिलं, तिच्याच नावाने मी मरणार होते.

काकू पुढे होती, केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले. सगळ्या तिच्याच अंगात येण्याची वाट पाहत होत्या. ती वळली, थांबली, माझ्या तोंडाशी कान आणला.

"सोडा तिले! हाई माय नही शे. माय येस तवय श्वास मोठा व्हस. हिना बंद व्हई ऱ्हायना. निजाडा तिले!"

कुणी खाजेची गोळी काढली, कुणी पाणी. तिने दोघींचेही हात झटकून टाकले. पपई भरून निघालेली एक पिकअप मिरवणुकीमागे अडकली होती. चालकाने काही न विचारता मागचे क्रेट बाजूला सारले. जागा आखूड, म्हणून काकू एका क्रेटवर बसली आणि माझे पाय तिने आपल्या मांडीवर घेतले. मी ते ओढून घेऊ पाहिले. ज्या बाईपुढे गाव वाकतं, तिच्या मांडीवर पाय? तिने घोटे घट्ट धरले. "पडी ऱ्हाय, बेटा." मी पडून राहिले. वर आभाळ वाहत होतं.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने दुसरं, सोबत ऑक्सिजन आणि सलाईन. सूत एकेक फेरा सुटत गेलं. त्या म्हणाल्या, आडवी ठेवून पाय उंच धरले म्हणून रक्त हृदयाकडे येत राहिलं. खाजेची गोळी घशाची सूज आणि खाली जाणारा रक्तदाब सावरू शकली नसती. त्रास पुन्हा उलटू शकतो म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं.

शरीराची राखणदारी, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, चार तऱ्हांनी चुकते, हे त्यांनी काकूला समजावलं. माझी पहिली तऱ्हा, तीव्र ॲलर्जीची, मिनिटांत जीवावर उठणारी. दुसरीत राखणदार आपल्याच पेशींवर धावतात, चुकीच्या गटाचं रक्त चढवल्यावर होतं तसं. तिसरीत त्यांच्या झटापटीचा गाळ रक्तवाहिन्यांत आणि सांध्यांत साचतो. "आणि चौथी तुमच्या कपाळावर आहे, टिकलीच्या गोंदाचा चट्टा. ती एक-दोन दिवसांनी उठते." पुढे तपासण्यांत कळलं, रोजची पोळी मला चालते, पण गहू खाऊन लगेच अंग दमवलं की शरीर पेटतं.

"मंग रोट मी खासू," काकू म्हणाली, "तू नाच."

त्या वर्षी काकूच्या अंगात कानबाई आलीच नाही, असं बाया म्हणतात. मी त्यावर काही लिहिलेलं नाही. माझं पत्रक मी मागे घेतलेलं नाही, आणि काकूनेही देवी सोडलेली नाही. पण मान न वाकवणाऱ्या घरात वाढलेल्या मला एवढं उमगलं, की शरण जाणं म्हणजे कधी कधी आपले पाय दुसऱ्याच्या मांडीवर राहू देणं. ते हात कुणी पाठवले हे मी विचारत नाही. रोज संध्याकाळी त्यांना मनातल्या मनात हात जोडते.

तुमच्याकडे मागणं एकच. मिरवणुकीत, लग्नात, शेतात कुणी अंगावर गांधी उठून, घसा धरून कोसळलं, तर उभं करू नका, धूप लावू नका. आडवं निजवा, दवाखान्यात नेऊन अ‍ॅड्रेनालिन मागा. आणि वाटभर त्याचे पाय आपल्या मांडीवर घ्या. कुणाचेही असोत.